गुलाब, क्रूस आणि लॉज: रोझिक्रुशियन व गूढ मेसनिक परंपरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘फ्रीमेसन’ हा शब्द मराठी गप्पांत निघाला की पाठोपाठ ‘गुप्त संघटना’ येतंच. ‘रोझिक्रुशियन’ निघाला तर बहुतेक जण गप्प बसतात. खालची उत्तरं एका साध्या सवयीने लिहिली आहेत. पंथ स्वतःचं वय किती सांगतो ते आधी ऐकायचं, मग त्याचा पहिला कागद कोणत्या सालचा आहे ते पाहायचं. या दोहोंमधलं अंतर हाच या विषयाचा निम्मा इतिहास आहे.

रोझिक्रुशियन आणि फ्रीमेसन एकच का?

नाही. फ्रीमेसनरी ब्रिटनमधल्या दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघांतून निघाली. पुढे त्यात कारागीर राहिले नाहीत. करणी, ओळंबा, गुण्या आणि कंपास एवढी हत्यारं प्रतीक म्हणून उरली. लॉजमध्ये, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेत, जमायचं, ठरलेले विधी करायचे, दानधर्म करायचा, एकत्र जेवायचं. इंग्लिश परंपरेत ईश्वर मानणं आवश्यक आहे, पण तो कोणता आणि कसा, यात लॉज पडत नाही.

रोझिक्रुशियन विचार मात्र जर्मनीत, छापखान्यातून जन्माला आला. किमया (हलक्या धातूचं सोनं करू पाहणारी विद्या), ख्रिस्ती भक्ती, वैद्यक आणि निसर्गाचं ज्ञान यांचं ते मिश्रण होतं. या दोघांची खरी गाठ अठराव्या शतकात पडली, आणि ती अजून सुटलेली नाही. पदव्यांच्या, म्हणजे दीक्षेच्या पायऱ्यांच्या, एका पूर्ण मालिकेला मेसन लोक ‘राइट’ म्हणतात. ज्या राइटमध्ये किमया, कब्बाला (ज्यूंची गूढविद्या) किंवा आत्म्याचं पतन आणि उद्धार यांची शिकवण भरलेली असते, त्याला गूढ राइट म्हणायचं.

ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्झ नावाचा माणूस खरंच होऊन गेला का?

रोझिक्रुशियनांचा हा मूळपुरुष; आडनावाचा अर्थच गुलाब-क्रूस. त्याचा एकही समकालीन पुरावा नाही. तो आपल्याला भेटतो तो १६१४ साली कासेल इथे छापलेल्या ‘फामा फ्रातेर्निटाटिस’ या छोट्या पुस्तिकेत. १६१५ मध्ये तिथेच ‘कोन्फेसिओ’ निघाली आणि १६१६ मध्ये स्ट्रासबुर्गला ‘किमयेचं लग्न’ सांगणारी तिसरी, कादंबरीसारखी रचना आली.

गोष्ट अशी: गरीब पण कुलीन जर्मन घरातला मुलगा, पाचव्या वर्षी मठात ठेवलेला. एका गुरुबंधूबरोबर जेरुसलेमला निघतो. तो गुरुबंधू सायप्रसला वारतो. मुलगा एकटाच दमास्कसला पोचतो, अरब पंडितांकडे गणित आणि निसर्गविद्या शिकतो, इजिप्तमार्गे मोरोक्कोतल्या फेझला जातो, दोन वर्षं राहतो. परत येताना स्पेनमधल्या विद्वानांना सगळं फुकट द्यायला निघतो, तर ते हसतात. मग जर्मनीत आधी चार आणि पुढे एकूण आठ जणांचा बंधुसंघ उभा राहतो. जन्म १३७८ आणि आयुष्य १०६ वर्षं, हा हिशेब दुसऱ्या पुस्तिकेत आहे.

यातला सगळ्यांत देखणा भाग समाधीचा. संघाच्या घराची डागडुजी करताना भिंतीवरची पितळी पाटी काढतात, तिच्या खिळ्याबरोबर दगड निखळतो आणि मागे दार दिसतं. दारावर लॅटिनमध्ये लिहिलेलं: ‘१२० वर्षांनी मी उघडेन’. आत सात भिंतींची खोली, प्रत्येक भिंत पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच. सूर्याचा प्रकाश न येताही ती उजळलेली आहे. वेदीखाली न कुजलेला देह आणि त्याच्या हातात चर्मपत्राचा ग्रंथ. साल येतं १६०४. मराठी वाचकाला इथे आळंदी, अजानवृक्षाची मुळी आणि समाधीत उतरलेले एकनाथ आठवतील. संबंध काहीच नाही, पण ऐकणाऱ्याचा कान दोन्हीकडे सारखाच टवकारतो.

मग हे लिहिलं कोणी?

बोट जातं ते ट्युबिंगेनच्या मित्रमंडळाकडे: योहान व्हालेंटिन आंद्रेए (१५८६–१६५४), टोबियास हेस, क्रिस्टोफ बेझोल्ड. आंद्रेए हा ल्यूथरपंथी धर्मशास्त्र्यांच्या घराण्यातला. त्याच्या कुळचिन्हात तिरका क्रूस आणि चार गुलाब होते. तिसरी रचना आपली, तारुण्यात लिहिलेली, हे त्याने आत्मचरित्रात कबूल केलं. त्या सगळ्या प्रकाराला त्याने वापरलेला लॅटिन शब्द आहे ‘लुडिब्रियुम’: खेळ, थट्टा, नाटक. पहिल्या दोन पुस्तिकांत कोणाचा हात किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

थट्टा म्हणजे खोटेपणा असं मात्र समजू नये. चर्चची सुधारणा अर्धवट राहिली, विद्यापीठं अॅरिस्टॉटल घोकत बसली, आणि ज्ञान व भक्ती पुन्हा एकत्र आली पाहिजेत, ही या तरुणांची तळमळ खरी होती. सांगण्याची तऱ्हा त्यांनी नाटकाची निवडली. लोकांनी ते नाटक खरं मानलं, ही पुढची गंमत.

त्या बंधुसंघाचे नियम काय होते?

सहा. रोग्यांना बरं करायचं, तेही विनामूल्य, आणि याशिवाय दुसरा धंदा सांगायचा नाही. वेगळा पोशाख घालायचा नाही, ज्या देशात असाल तिथलाच घालायचा. वर्षातून एकदा संघाच्या घरी यायचं, नाहीतर न येण्याचं कारण कळवायचं. आपल्यामागे एक लायक वारस शोधायचा. ‘सी. आर.’ ही अक्षरं हीच मोहर आणि खूण. आणि संघ शंभर वर्षं गुप्त ठेवायचा.

वेगळा पोशाख नको, हा नियम पुढच्या शतकांत झगे, पट्टे आणि पदकं घालून फिरणाऱ्या कित्येक रोझिक्रुशियनांनी बहुधा वाचला नसावा.

पुस्तिका निघाल्यावर काय झालं?

धुमाकूळ. ‘आम्हालाही संघात घ्या’ अशी छापील पत्रं येऊ लागली, टीका आली, टीकेला उत्तरं आली. हस्तलिखित प्रती छपाईच्या आधीच फिरत होत्या. टिरोलमधला आडाम हास्लमायर याने १६१२ मध्येच जाहीर उत्तर दिलं आणि त्याची रवानगी गॅली-जहाजावर वल्ही मारायला झाली. सम्राट दुसऱ्या रूडोल्फचा वैद्य मिखाएल मायर आणि इंग्लंडचा वैद्य रॉबर्ट फ्लड यांनी संघाच्या बाजूने ग्रंथ लिहिले. संघ मात्र कोणालाच भेटला नाही.

१६१८ मध्ये तीस वर्षांचं युद्ध पेटलं आणि जर्मनीतली हवा बदलली. १६२३ मध्ये पॅरिसच्या भिंतींवर भित्तिपत्रकं लागली की रोझिक्रुशियन शहरात आले आहेत, दृश्य आणि अदृश्य रूपात. त्याच सुमारास तत्त्वज्ञ देकार्त जर्मनीतून परतला होता आणि तो त्यांतलाच असल्याची कुजबुज सुरू झाली. चरित्रकार सांगतो, देकार्त मुद्दाम मित्रांमध्ये हिंडू लागला: मी दिसतो आहे, म्हणजे मी तो नव्हे.

मेसनांशी त्यांचा संबंध नेमका कधी जुळला?

पहिली खूण स्कॉटलंडमध्ये, पर्थ शहरावरच्या १६३८ मधल्या हेन्री अॅडमसनच्या कवितेत. तिच्यात कवी सहज म्हणून जातो की आम्ही गुलाबी क्रूसाचे बंधू आहोत आणि मेसनांचा गुप्त शब्द आम्हाला ठाऊक आहे. एका ओळीवरून संस्था सिद्ध होत नाही. दोन्ही नावं एका दमात घेता येत होती, एवढं कळतं. १६ ऑक्टोबर १६४६ रोजी वॉरिंग्टनला इलायस अॅशमोल मेसन झाला. त्याला किमयेचं वेड होतं, पण लॉजमध्ये किमया चालायची असं त्याची रोजनिशी सांगत नाही.

लंडनच्या ग्रँड लॉजचं, म्हणजे अनेक लॉजच्या शिखर संस्थेचं, साल परंपरेने १७१७ धरतात. अलीकडे काही इतिहासकार १७२१ म्हणतात. १७२३ मध्ये अँडरसनने लिहिलेली मेसनांची छापील घटना आली. त्या काळच्या पदव्यांत गुलाब-क्रूस कुठेही नाही.

मेसनांच्या मूळ पदव्या तीनच असताना तेहतीस, नव्वद, पंच्याण्णव कुठून आल्या?

फ्रान्समधून, आणि मुख्यतः हौसेतून. १७३६–३७ च्या सुमारास पॅरिसमध्ये स्थायिक झालेला स्कॉटिश गृहस्थ रॅम्झी याने एक भाषण रचलं: मेसनरीचं मूळ गवंड्यांत नसून धर्मयुद्धातल्या सरदारांत आहे. फ्रेंच उमरावांना गवंड्यांपेक्षा सरदार पूर्वज जवळचे वाटले यात नवल नाही. मग ‘स्कॉटिश’ म्हणवणाऱ्या पदव्यांचं पीक आलं, जी बहुतांशी स्कॉटलंडमध्ये उगवलीच नव्हती. त्यांतच ‘रोझ-क्रॉ’, म्हणजे गुलाब-क्रूस, ही पदवी आली: काळं दालन, हरवलेला शब्द, श्रद्धा-आशा-प्रेम, शेवटी भाकरी आणि द्राक्षासव. १८०१ मध्ये अमेरिकेत चार्ल्सटनला बांधल्या गेलेल्या तेहतीस पदव्यांच्या स्कॉटिश राइटमध्ये ती अठरावी ठरली. इंग्लंडमध्ये ती आजही ख्रिस्ती त्रैक्य मानणाऱ्यालाच मिळते.

जर्मनीत बॅरन फॉन हुंड म्हणू लागला की पॅरिसला ‘लाल पिसाच्या सरदारा’ने आपल्याला टेम्पलर (धर्मयुद्धांतल्या एका ख्रिस्ती सरदार-संघाचा सदस्य) केलं आणि वर ‘अज्ञात श्रेष्ठी’ आहेत, त्यांचे हुकूम येतील. हुकूम येईनात. १७८२ मध्ये विल्हेल्म्सबाडला मोठी परिषद भरली आणि टेम्पलरांपासून थेट वंशावळ असल्याचा दावा सोडून दिला गेला. एखाद्या पंथाने स्वतःचीच वंशावळ जाहीरपणे रद्द केल्याचं हे दुर्मिळ उदाहरण आहे.

या सगळ्यात खरोखर साधना करणारे कोणी होते का?

होते, आणि माझ्या मते हाच या इतिहासाचा सर्वांत वाचण्यासारखा भाग आहे. मार्तिनेझ द पास्कली नावाच्या माणसाने १७६० च्या दशकात बोर्डोमध्ये ‘एल्यु कोएन’, म्हणजे निवडलेले पुरोहित, हा संघ चालवला. माणूस आपल्या मूळ दिव्य स्थानावरून पडला आहे आणि त्याला तिथे परत जायचं आहे, ही त्याची शिकवण. साधना कडक: उपास, ठरलेल्या वेळच्या प्रार्थना, विषुवदिनाच्या सुमारास खडूची वर्तुळं, मेणबत्त्या, धूप, देवदूतांची आवाहनं. अंधारात क्षणभर चमकणाऱ्या प्रकाशखुणा दिसल्या की विधी फळला. मार्तिनेझ १७७२ मध्ये सॅं-दोमिंगला (आजचं हैती) गेला आणि १७७४ मध्ये तिकडेच वारला.

त्याच्या दोन शिष्यांनी दोन वाटा धरल्या. लिऑनचा रेशीमव्यापारी विलेरमोझ (१७३०–१८२४) मोठा शिस्तीचा. त्याने गुरूची शिकवण १७७८ नंतर ‘सुधारित स्कॉटिश राइट’मध्ये नीट बसवली; तो राइट युरोपात आजही चालतो. दुसरा सॅं-मार्तॅं (१७४३–१८०३), आधी लष्करी अधिकारी, मग गुरूचा चिटणीस. त्याने मार्तिनेझला विचारलं होतं, ‘देवाकडे जायला इतकं सगळं सामान लागतं?’ पुढे त्याने वर्तुळं, मेणबत्त्या सगळं सोडलं, जर्मन चांभार-संत याकोब ब्योमेचं वाचन धरलं आणि ‘अज्ञात तत्त्ववेत्ता’ या टोपणनावाने आतल्या वाटेविषयी लिहीत राहिला. १८९१ च्या सुमारास पापूस या टोपणनावाच्या पॅरिसच्या डॉक्टराने जो मार्टिनिस्ट संघ उभा केला, त्याचं नाव या सॅं-मार्तॅंवरून आहे.

रोझिक्रुशियनांच्या हातात कधी सत्ता आली होती का?

एकदाच, प्रशियात. ‘गोल्ड उंड रोझेनक्रॉइट्झर’ हा अठराव्या शतकातला जर्मन संघ फक्त मेसनांनाच घ्यायचा. नऊ पदव्या होत्या, प्रत्यक्ष भट्टीवरची किमया होती, आणि वरिष्ठांची आज्ञा डोळे मिटून पाळायची होती. व्योलनर आणि बिशोफवेर्डर या दोघांनी १७८१ मध्ये खुद्द युवराजाला दीक्षा दिली. १७८६ मध्ये तो दुसरा फ्रीडरिश विल्हेल्म म्हणून गादीवर बसला आणि व्योलनर मंत्री झाला. १७८८ चा धर्मविषयक हुकूमनामा त्याचाच: पाद्र्यांनी ठरीव मतांबाहेर बोलायचं नाही. १७९४ मध्ये याच मंत्र्याच्या सहीने इमान्युएल कांटला धर्मावर लिहिल्याबद्दल समज मिळाली. १६१४ च्या पुस्तिकेला विद्यापीठं मोकळी करायची होती. तिचं नाव लावणारे पावणेदोनशे वर्षांनी तत्त्वज्ञाला तोंड बंद ठेव म्हणून सांगत होते.

संघ स्वतः फार टिकला नाही, पण त्याच्या पदव्यांची नावं टिकली. ती पुढे येतीलच.

इजिप्तचा संबंध खरा किती?

प्रतीकांपुरता. काल्योस्त्रो (मूळ नाव जुझेप्पे बाल्सामो, पालेर्मोचा) याने १७८४ मध्ये लिऑनला ‘इजिप्शियन’ राइटची मुख्य लॉज स्थापली, स्त्रियांनाही दीक्षा दिली, १७८९ मध्ये रोमला पकडला गेला आणि १७९५ मध्ये सान लेओच्या किल्ल्यात कैदेतच मेला. नेपोलियनच्या मोहिमेनंतर फ्रान्समध्ये इजिप्तची लाट आली. तिच्यावर बेदारीद बंधूंनी नव्वद पदव्यांचा मिस्राईम राइट पसरवला. मिस्राईम म्हणजे हिब्रूत इजिप्त. १८३८ मध्ये मार्कोनिस द नेग्रने पंच्याण्णव पदव्यांचा मेंफिस राइट काढला. शांपोलियोंने चित्रलिपी उलगडली ती १८२२ मध्ये. म्हणजे मिस्राईमचे ‘फारोंचे विधी’ रचले गेले तेव्हा फारोंची एक ओळही कोणाला वाचता येत नव्हती.

१८८१ मध्ये या दोन्ही राइटचं प्रमुखपद म्हाताऱ्या गारिबाल्दीला देण्यात आलं. इटली एक करणाऱ्याने हेही एक करावं अशी अपेक्षा असावी. तो पुढच्याच वर्षी गेला.

गोल्डन डॉन हे नाव सारखं ऐकू येतं. ते काय होतं?

१८६० च्या दशकात रॉबर्ट वेंटवर्थ लिटलने इंग्लंडमध्ये ‘सोसिएटास रोझिक्रुशियाना इन अँग्लिया’ ही अभ्यासमंडळी काढली. मास्टर मेसन (तिसरी पदवी घेतलेला) आणि ख्रिस्ती असाल तरच प्रवेश. पदव्यांची नावं उचलली ती त्या प्रशियन संघाची: झेलेटर, थिओरिकस, प्रॅक्टिकस, फिलॉसॉफस. याच मंडळातल्या वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन यांनी १८८८ मध्ये लंडनला गोल्डन डॉन स्थापलं. तिथे स्त्रियांना समान प्रवेश होता. परवानगी म्हणून ‘आना श्प्रेंगेल’ या जर्मन बाईंची पत्रं दाखवली गेली. त्या बाई कधी अस्तित्वात होत्या असं आज कोणी गंभीर अभ्यासक मानत नाही.

आणि तरीही काम पक्कं होतं. कब्बाला, ज्योतिष, टॅरो (भविष्याचे पत्ते), मंत्रोच्चार यांचा एक बांधेसूद अभ्यासक्रम त्यांनी तयार केला. आतल्या वर्तुळासाठी सात भिंतींची खोली प्रत्यक्ष बांधली, रंगवली आणि दीक्षा घेणाऱ्याला तिच्यात उभं केलं. १६१४ च्या कागदावरची समाधी १८९० च्या दशकात लंडनमध्ये लाकूड आणि रंगात उभी राहिली. कवी डब्ल्यू. बी. येट्स सभासद होता. १९०० मध्ये भांडणं होऊन संघ फुटला.

आज कोणते रोझिक्रुशियन संघ चालू आहेत?

मोठे तीन, आणि तिघांचे स्वभाव वेगळे.

‘अॅमॉर्क’: हार्वी स्पेन्सर लुईसने १९१५ मध्ये न्यूयॉर्कला काढला, १९२७ पासून कॅलिफोर्नियात सॅन होजेला. टपालाने येणारे धडे ही याची खासियत. घरी एक छोटी वेदी, आरसा, मेणबत्ती, आठवड्याला एक धडा, श्वास आणि कल्पनाचित्रणाचे प्रयोग. परंपरा तिसऱ्या थुटमोस आणि अखेनातेनपर्यंत सांगतात. कागद १९१५ चा. त्यांचं इजिप्शियन संग्रहालय मात्र खरं आणि चांगलं आहे.

‘रोझिक्रुशियन फेलोशिप’: डेन्मार्कमध्ये जन्मलेला मॅक्स हाइंडेल याची. त्याचा मुख्य ग्रंथ १९०९ चा, केंद्र १९११ पासून कॅलिफोर्नियात ओशनसाइडला. शाकाहार, ज्योतिष आणि रोग्यांसाठी नित्य प्रार्थना. रोगसेवेचा जुना पहिला नियम इथे निदान आठवणीत आहे.

‘लेक्टोरियम रोझिक्रुशियानम’: नेदरलँड्समधल्या हार्लेमची. लेने बंधूंनी १९२४ पासून सुरुवात केली, हाइंडेलच्या संघातून पुढे वेगळे झाले. जर्मन ताब्याच्या काळात बंदी होती, १९४५ मध्ये आजचं नाव आलं. ही सगळ्यांत विरक्त वाट. मांस, दारू, तंबाखू नाही. सिद्धी आणि प्लॅंचेट यांना ठाम नकार. आतला दिव्य अंश जागा करून जुन्या ‘मी’ला विरू द्यायचं.

भारताशी, मुंबईशी काही धागा आहे का?

आहे. १८४३ मध्ये मुंबईत जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही भारतीयांना प्रवेश देणारी लॉज निघाली. तिच्यामागे माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांची चिकाटी होती. मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजने दार उघडलं नाही, म्हणून ते पॅरिसला जाऊन मेसन झाले होते. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ ची. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेता येते. तीन पदव्यांपर्यंत धर्म आड येत नव्हता; ख्रिस्ती अट घालणारी रोझ-क्रॉसारखी वरची पदवी आली की यायचा.

दुसरा धागा थिऑसॉफीचा, म्हणजे सर्व धर्मांमागे एकच गूढ ज्ञान मानणाऱ्या संघटनेचा. १८७९ ते १८८२ या संघटनेचं मुख्य ठाणं मुंबईत होतं, मग मद्रासजवळच्या अड्यारला गेलं. अॅनी बेझंट यांनी १९०२ मध्ये स्त्री-पुरुष दोघांना घेणाऱ्या ‘को-मेसनरी’ची दीक्षा घेतली, ती भारतात आणली, आणि १९१२ मध्ये ‘टेंपल ऑफ द रोझी क्रॉस’ नावाचा संघही काढला. तो थोड्याच वर्षांत थंडावला.

इल्युमिनाटी हेच ना?

नव्हे. ती १ मे १७७६ रोजी इंगोलश्टाटला वाइसहाउप्टने काढलेली बुद्धिवादी संघटना. दहा वर्षांच्या आत बव्हेरियाने बंद केली. प्रशियाचे रोझिक्रुशियन तिचे कडवे विरोधक होते. सैतानपूजेच्या गोष्टींबद्दल विचारत असाल तर लेओ ताक्सिल हे नाव शोधा. त्याने बारा वर्षं मेसनांच्या सैतानपूजेचे ‘पुरावे’ विकले, आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भरसभेत हसत सांगितलं की सगळं मी रचलं होतं. आज फॉरवर्ड होणाऱ्या मजकुरात त्याची वाक्यं अजून सापडतात.

कॅथलिक माणूस मेसन होऊ शकतो का?

चर्चच्या दृष्टीने नाही. १७३८ मध्ये पोप बाराव्या क्लेमेंटने बंदी घातली आणि १९८३ मध्ये व्हॅटिकनने ती कायम असल्याचं पुन्हा सांगितलं.

वंशावळी जर रचलेल्या, तर दीक्षेला अर्थ काय?

इतिहासकार इथे थांबतो. वंशावळ तपासता येते. मेणबत्तीसमोर बसलेल्या माणसाला काय मिळालं ते तपासता येत नाही. माझं मत विचाराल तर, सॅं-मार्तॅंच्या प्रश्नाचं वजन त्याच्या गुरूच्या सनदेवर अवलंबून नाही. पण जो संघ सनद दाखवून पैसे किंवा आज्ञापालन मागतो, त्याची सनद तपासायलाच हवी. वर्गणी उघड लिहिलेली आहे का, सोडून जाता येतं का, घरच्यांपासून लपवायला सांगतात का, एवढं आधी विचारावं.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

थेट ‘फामा’पासून. एका बैठकीत संपते. थॉमस व्हॉनने १६५२ मध्ये प्रसिद्ध केलेलं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत मिळतं. भाषा जुनी आहे, पण खिळा निखळून दार दिसतं ते पान आलं की अडखळायला होत नाही.